ऐंशी रुपयांची माती

वडणग्याच्या पुढं, जोतिबाच्या रस्त्याला
पाटीवर फक्त 'इथली झाडं' एवढंच.
खालचा फोन नंबर उन्हानं खाल्लाय.
पाडवा होऊन चार दिवस झालेले.
स्कूटरच्या सीटवर रुमाल पसरून मी आत गेले
यादी घेऊन: पाणी कमी, फुलं भरपूर,
स्वस्तात बसलं तर बरं.

नसीम मुजावर यादी वाचत नाहीत.
आधी विचारतात, गॅलरी कुठल्या तोंडाची?
पश्चिमेची. तीननंतर फरशीवर पाय ठेववत नाही.
नळ? एक दिवसाआड, तोही करंगळीएवढा.
आणि आजवर काय काय मारलंत?

हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
मी बोटं मोडत गेले:
दोन फर्न, अबोली, कुंडीतलं लिंबू,
बहिणीनं बेळगावहून आणलेलं ते कसलंसं जांभळं.
केसपेपर लिहावा तशा त्या ऐकत होत्या.
"उन्हानं नाही गेली ती.
तुम्ही बुडवलीत."

आमच्या पार्किंगच्या भिंतीला पुराची रेघ आहे,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
दोनदा रंग दिला, ती पुन्हा वर येते.
त्या आठवड्यात खाली सगळीकडं पाणी
आणि प्यायला घोटभर नाही,
नावेतून आलेले कॅन दोरीनं वर ओढत होतो.
तेव्हापासून घरात पाणी आलं की मी भरून ठेवते,
पातेल्यात, पिंपात, रिकाम्या बरणीत,
आणि शिळं झालं की कुंड्यांत ओतते.
हे त्यांना सांगितलं नाही.

जाळीखाली नेलं नाही त्यांनी,
बाहेर, उघड्यावर, जिथं माझीच सावली मला कमी पडत होती.
निरगुडीचं पान चुरगाळून नाकाशी धरलं.
मला मात्र धायटी हवी होती,
अंगभर लाल, पाणी कुठून पिते कळू न देणारी.
"हिला डोंगर लागतो," म्हणाल्या,
"तुमच्या गॅलरीत रुसून बसेल."
नोट हातात होती माझ्या. तरी दिली नाही.

काटेकोरांटी दिली. एक शतावरी.
जांभ्याचा चुरा घातलेली माती,
आणि वर पसरायला पोतंभर पाचट, फुकट,
भावाच्या उसाचं; पेटवायच्या आधी
दरवर्षी भांडून आणावं लागतं म्हणे.
"पहिलं वर्ष पाणी तुम्ही द्यायचं, मोजून.
नंतर त्याला तुमची आठवणसुद्धा येणार नाही.
वाईट वाटून घ्यायचं नाही तेव्हा."

निघताना टेबलाखालून एक कुंडी काढली.
नुसती माती.
"खर्चुडी. कंद झोपलाय आत.
डोंगरातनं उपटलेला नव्हे हं,
बी लावून केलाय, तिसरं वर्ष.
जूनपर्यंत थेंब घालू नका."
दिसत तर काहीच नाही, मी म्हटलं.
"झोपलेल्याला काय बघायचंय?"
ऐंशी रुपये.
नावातच खर्च की, म्हटलं मी.
हसल्या नाहीत. रोज कुणीतरी म्हणत असणार.

जिन्यात खालचे पाटोळे भेटले.
"काय आणलासा वैनी?"
माती.
"आणि मातीत?"
कंद आहे म्हणतात.
"म्हणतात!" त्यांनी कुंडी कानाशी नेली,
जरा हलवली, "नाद खुळा" म्हणाले
आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत
दोन्ही हातांनी वर आणून दिली.

आज सव्विसावा दिवस.
भांडी झाली की मग भरून गॅलरीत जाते.
कोरांटीला अर्धा, शतावरीला त्याहून कमी.
तिसऱ्या कुंडीपाशी मनगट आपोआप कलतं.
मी दुसऱ्या हातानं ते धरते.
कुंडीच्या कडेला भेग पडलीय मातीत, केसाएवढी,
काल होती का आठवत नाही.

उरलेलं पाणी परत पिंपात ओतते.
तो आवाज अजून
मला आपल्या घरातला वाटत नाही.