ब्याण्णव धरून

शिरोड्याच्या पतपेढीत तेहतीस वर्षं
लोकांच्या नोटा मोजल्या,
थुंकी न लावता. ओला स्पंज होता, निळ्या डबीतला.
आता सत्तावीस लाख माझे,
आणि ते मोजता येत नाहीत,
दिसतच नाहीत तर मोजू काय?

मयुरेशने मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून दिला.
"आते, चौकोन भरत जा.
महिन्याला किती खर्चलंस तर जन्मभर पुरेल
ते तो सांगतो."
आणि पुण्याची गाडी पकडायला गेला.

वय: अठ्ठावन्न. हे सोपं.
महागाई: सहा टक्के, त्याचे त्यानेच भरलेले.
सुरमई काही त्याला विचारून चढत नाही.
जोखीम पेलायची तयारी: कमी, मध्यम, जास्त.
मी खिडकीतून वर बघितलं.
केणींचा माड सात वर्षं आमच्या कौलांवर ओणवलाय
दहा-बारा नारळ धरून,
आणि मी बरोब्बर त्याच्याखाली झोपते.
'कमी' दाबलं.

वारसांसाठी शिल्लक?
शून्य लिहिलं.
यंत्राने शून्य घेतलं
आणि पुढचा चौकोन उघडला.
एवढंच.
या गावात त्याच शून्यापाशी
लग्नाच्या प्रत्येक पंगतीत मला कुणीतरी थांबवलंय.

मग अपेक्षित आयुर्मान.
एक मणी असतो, बोटाने सरकवायचा.
बाबा एकोणसत्तराला गेले, आई एक्याण्णवाला.
नाक माझं बाबांचं, गुडघे आईचे.
कुणावर जायचं?
ऐंशीवर ठेवला: अकरा हजार तीनशे सत्तर.
ब्याण्णववर नेला: सात हजार सातशे साठ.
बारा वर्षं जास्त जगायचा दंड
दरमहा तीन हजार सहाशे दहा.
पतपेढीत याहून कमी दंडावर लोक
काउंटरवर छत्री आपटायचे.

मी मणी मागे-पुढे करत बसलेली असताना
दारात फिलोमिना, टोपली उतरवत.
"काय बघतंस गो इतक्या?"
"म्हातारपणाचा हिशेब. हा सांगतो."
"पैशे देता?"
"नाही. किती खर्चायचे ते सांगतो."
"फक्त सांगता? मगे घोवासारकोच झालो."
बांगडे शंभराला चार होते.
दोन घेतले, मग परत बोलावून आणखी दोन.

संध्याकाळी मिठागराच्या बांधावरून गेले.
आजगावकरांचा सुहास फळी लावून पाणी अडवत होता.
"किती घेतोस रे?"
"चार बोटां."
"कुणी ठरवलं?"
"काल पाच घेतललंय. मीठ बसूक नाय."
एवढं बोलून तो पुन्हा वाकला,
फळीच्या फटीत चिखल थापत.

रात्री एक जुनी खतावणी काढली,
मागची कोरी पानं होती तेवढी.
तेव्हापासून सोमवार ते शनिवार
मी ब्याण्णव धरून जगते:
पेज, कुळथाची पिठी, फोडणीत तेल जपून,
पंखा दोनवर.
रविवारी मणी ऐंशीवर ओढते
आणि सुरमईच्या दोन तुकड्या घेते,
मधल्या, जाड.
सोमवारी सकाळी पुन्हा ब्याण्णव.
महिनाअखेरीस बेरीज दोन्हीच्या मध्ये कुठेतरी येते.
चुकली तर पुढच्या महिन्यात फळी हलवते.

आणि हो, केणींना सांगून
माड उतरवून घेतला शेवटी.
मजुरी निम्मी त्यांची, निम्मी माझी.
त्याला चौकोनच नव्हता.