उजव्या दारातला आवाज

गाडी घरी आली ती टो-ट्रकच्या आकड्याला लटकून, मागे बघत.
टायरांत हवा नाही, बॉनेटखाली खारीचं घरटं,
त्यात अक्रोडाची टरफलं
आणि बापाच्या हातरुमालाची एक चिंधी.
एकोणीसशे पन्नासची स्टुडबेकर चॅम्पियन, चार दारांची.
नाक विमानाचं, बाकी सगळं संसारी.

साउथ बेंडमध्ये ज्याला त्याला हिच्याबद्दल काही सांगायचं असतं.
पोस्टमनचा आजा रंगखात्यात होता.
दंतवैद्याचा मामा काचा बसवायचा,
ते तो माझ्या तोंडात आरसा घालून सांगतो,
मी आ वासून ऐकते.
माझा बाप दारं बसवायचा.
दिवसाला किती, ते कधी बोलला नाही.
जेवताना मध्येच थांबायचा,
हवेत एक बिजागरी पिळायचा,
मग पुढचा घास.

पहिलं वर्ष नुसतं गंज खरवडण्यात गेलं.
हॅस्केल प्रूइट, फाउंड्रीतला, वय ब्याऐंशी,
रोज दहाला येतो, स्वतःचं स्टूल घेऊन.
काम करत नाही. चुका काढतो.
"सहा व्होल्टची आहे, लॉटी, हिला घाई मानवत नाही."
जुन्या टूथब्रशने मी क्रोम घासते
आणि त्यात एकदम तोंड उमटतं,
लांबट, घोड्यासारखं. बापाचं.

लहानपणी मी मागच्या सीटवर.
डावं वळण आलं की पुढच्या उजव्या दारात
काहीतरी वाजायचं. टण.
आई म्हणायची, लुदविक, जन्म दारं बसवण्यात गेला
आणि आपल्याच दारात हे?
तो म्हणायचा, वाजू दे.
मिस्सा आटोपून येताना. दवाखान्यात जाताना.
त्रेसष्टच्या डिसेंबरात, कारखाना बंद होणार
हे कळलं त्या संध्याकाळी
आम्ही नेहमीसारखे डावीकडे वळलो.
टण.
कोणी काही बोललं नाही.

काल त्या दाराचं पॅनेल उतरवलं.
आत तारेला लोंबकळणारा एक नट,
अर्ध्या इंचाचा, तेल पिऊन काळा झालेला.
मुद्दाम बांधलेला. गाठ नीट,
तारेचं टोक आत दुमडलेलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.
राग असेलच, तर सवडीने केलेला.
पॅनेलच्या पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द, पोलिशमध्ये:
शुक्रवार.
म्हणजे अर्ध्या कारखान्यातला कोणीही.

हॅस्केल म्हणाला, पोरं करायची असलं,
मुकादमावर खार खाऊन.
जी आपल्याला कधी परवडायची नाही
तिच्यात आपलं काहीतरी ठेवून द्यायचं.
मग बराच वेळ स्टूलावर गप्प.

मला आठवला तो वापरलेल्या गाड्यांचा लॉट, अठ्ठावन्न साल.
मी सात वर्षांची, थंडीने पाय आपटत.
बाप एकेका गाडीपाशी जायचा,
उजवं दार उघडायचा, हलवायचा, मिटायचा.
पुढची. मग पुढची.
आम्हाला वाटलं, बिजागऱ्या तपासतोय.

नट केरोसीनमध्ये धुतला
आणि परत तिथेच बांधला.
माझी गाठ तितकी चांगली नाही.

जूनमधल्या प्रदर्शनात परीक्षक आला,
पांढरे हातमोजे, कागद अडकवलेली पाटी.
रंगाला म्हणाला, अप्रतिम.
दार हलवलं, कान लावला,
दोन गुण कापले.

हिच्यात एक सोय आहे:
चढावर क्लच दाबून धरला
की ब्रेक आपोआप धरून राहतो,
गाडी मागे घसरत नाही.
आणि आमचं गाव पोळपाटासारखं सपाट!
नदीवरच्या पुलाचा तेवढा एक चढ.
संध्याकाळी मी तिथवर नेते, मध्येच थांबवते.
मागचे हॉर्न वाजवतात.
हॅस्केल खिडकीबाहेर हात काढून त्यांना म्हणतो, जा, जा पुढे.
ती जागची हलत नाही, इंचभरही.

मग पूल उतरून
सिग्नलला डावीकडे.