जाताजाता

आमच्या घरात कुणी कुणाला काम सांगत नाही.
नायना तेलुगूत बोलताबोलता
एवढा एकच शब्द मराठीत म्हणतात :
जाताजाता.
जाताजाता कन्ना चौकातून बीपीच्या गोळ्या.
जाताजाता लाइटबिल.
जाताजाता अम्माचा चष्मा, त्याची डावी काडी सैल झालीय.
माझं ऑफिस अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
टॉवेलच्या कारखान्यात, हिशेबाच्या टेबलाशी.
चष्म्याचं दुकान नवी पेठेत.
नायनांच्या डोक्यातल्या सोलापुरात
सगळंच माझ्या वाटेवर आहे.

मला छत्तीस सरलं.
लग्न दोन वर्षं टिकलं, मोडलं त्याला नऊ झाली.
परत आले तेव्हा कुणी काही बोललं नाही,
फक्त शिलाई मशीन आतल्या खोलीतून बाहेर आलं
आणि माझी कॉट आत गेली.
ते मशीन अजून बोळातच आहे.
रात्री पाणी प्यायला उठलं की गुडघ्याला लागतं.
आभार मानायचे राहूनच गेले,
की दर वेळी काळंनिळं पडतं तेच आभार,
मला ठरवता येत नाही.

एक तारखेला मी पाकीट देते.
अम्मा नको नको म्हणत घेते, मोजत नाही.
मोजलं होतं हे दुसऱ्या दिवशी कळतं :
"या खेपेला पाचशे कमी. अडचण हाय काय?"
पुण्याहून वेणुगोपालचा फोन येतो, रविवारी.
"जेवलात का म्हणून विचारतो बिचारा,"
अम्मा शेजारच्या मल्लव्वाला सांगते.
तेव्हा वाढत असते मीच.
ताट जरा जोरात टेकतं.
स्टीलचं आहे, वाजायचंच.

नायनांचा अजून एक शब्द आहे : सहज.
तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते, कान तिथंच राहिले,
म्हणून तोही ओरडून म्हणतात.
स्कूटीत हवा भरून आणली, सहज.
डब्यात शेंगाचटणी वेगळ्या पुडीत,
भाजीच्या रश्शाला लागू नये, सहज.
मला उशीर झाला तर फाटकाशी उभे, हातात झाडू,
रात्री अकराला अंगण झाडतात.

जुळे सोलापुरातल्या वन रूम किचनचं
मी घरात सांगितलं नव्हतं.
टोकन अकरा हजार, पावती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.
पर्समधून पत्रक कधी पडलं असेल
तर तेवढंच.

काल पाण्याचा दिवस. पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
मी नळी धरलेली, नायना पिंपांची झाकणं काढत.
"तुम्ही झोपा."
"तू झोप, तुला कामाला जायचंय."
हे दर पाचव्या रात्री, आणि कुणीच झोपत नाही.
"दोघं झोपा, मी भरते," अम्मा आतून म्हणते
आणि घोरायला लागते.

तिसरं पिंप अर्धं झालं तेव्हा ते बोलले,
इतकं हळू
की त्यांचं त्यांना ऐकू आलं नसणार :
"तिकडं तिसऱ्या दिवशी येतंय. चाळीस मिनिटं.
वॉचमनला विचारलं."
कधी गेलात?
मंगळवारी. सहज.
दोन रिक्षा बदलून, तसल्या गुडघ्यांनी.

विचारणार होते, रागावलात का.
विचारणार होते, मग इथलं पाणी कोण भरणार.
दुसरा प्रश्न आधी तोंडाशी आला, त्याची लाज वाटली,
म्हणून घाईनं नळी चौथ्या पिंपात टाकायला गेले
आणि पाणी पायांवर सांडलं, दोघांच्या.

"वरच्या मजल्यावर चढतंय काय,
तेवढं विचारायचं राहिलं बघ,"
नायना म्हणाले, परत ओरडून,
गल्ली जागी होईल इतकं.
"तू बघ की,
जाताजाता."