डॉक्टर आला का

ब्रोशरमध्ये ऋतू एकच होता :
निळ्या नदीकाठी हसत बसलेली मुलं,
कुणाच्याच अंगावर स्वेटर नाही.
त्या फोटोच्या भरवशावर
आम्ही चौघी पर्थला उतरलो
चार देशांतून, भर फेब्रुवारीत.

पत्र्याखाली दोन खोल्या, एक पंखा.
त्याचं तोंड कुणाकडे, यावरून पहिलं भांडण.
येसेनिया म्हणाली, प्रत्येकीला तीस सेकंद;
चेबेतनं मोबाइलवर वेळ लावली.
दोरीवर शेवटचा चिमटा लावेपर्यंत
पहिला टॉवेल पापड झालेला.
संध्याकाळी लायब्ररी.
तिथला एसी फुकट.
मला वाचनाचा नाद लागला तो असा, घामाच्या कृपेनं.

घरून विचारायचे, हवा कशी आहे गं?
छान आहे म्हणायचे. ऊन आहे.
पोटभर आहे.

केलझांगला वृद्धाश्रमात काम लागलं,
पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तास, व्हिसात बसतील तेवढेच.
सात नंबरच्या खोलीत विन्को बार्बिच,
नव्वदीचे, द्राक्षमळा विकून आलेले.
दुपारचा एक वाजला की खिडकीकडे बघत विचारायचे,
डॉक्टर आला का?
तिनं नाडी पाहिली, ताप पाहिला,
रजिस्टरात लिहिलं : आजोबा डॉक्टर मागतात.
तीन दिवस, तीन नोंदी.
चौथ्या दिवशी मोरीन सिस्टर हसून हसून भिंतीला टेकली.
अगं, डॉक्टर म्हणजे वारा!
फ्रीमँटलकडून येतो, समुद्रावरून, उन्हाळ्यात दुपारचा.
फी घेत नाही.

मग तिनं खिडकी उघडली.
पडदा उचलून तो सरळ आत आला,
चपला न काढता.
विन्कोंनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं
आणि म्हणाले, उशीर केलास.
वाऱ्याला की तिला, ते तिला कळलं नाही.

पहिल्या आठवड्यात एक नूंगार बाई बोलायला आल्या होत्या.
म्हणाल्या, या जमिनीचे ऋतू सहा.
मी बोटांच्या पेरांवर मोजत गेले,
बिराक, बुनुरू, जेरान, मकुरू...
सहा म्हणजे घरचाच आकडा,
नावं तेवढी नव्यानं पाठ करायची.
फी भरायचे ऋतू मात्र दोन.

जूनमध्ये मकुरू आला आणि घरातच राहिला.
बाहेर ऊन, आत बर्फाची पेटी.
हीटर लावावा तर बिल अंगावर येतं.
चेबेत हातांत पायमोजे घालून निबंध टाइप करायची,
एका ओळीत सात चुका.
केलझांग म्हणाली, मी बर्फातली मुलगी,
आणि कुडकुडले कुठे, तर उन्हाच्या शहरात.
भूतानात आमच्या घरी बुखारी असते.
इथे नुसतं ब्रोशर.

विन्को तेव्हाही विचारायचे.
हिवाळ्यात तो येत नाही हे तिला आता ठाऊक होतं.
वाटेत आहे, म्हणायची,
आणि त्यांचं बटण लावून द्यायची.
जुलैत एका रात्री खरा डॉक्टर आला,
ओली छत्री दाराशी ठेवून.
रजिस्टरात नोंद झाली ती त्याची.

तिनं आम्हाला सांगितलं नाही.
हीटर लावून बसली फक्त, रात्रभर,
आणि त्या महिन्याच्या बिलावर
कुणी काही बोललं नाही.

परवा, पुन्हा फेब्रुवारी.
बसस्टॉपवर चाळीस डिग्री,
आमच्याबरोबर एक नवी मुलगी,
हातावर कोट, बॅगेवर विमानाची चिठ्ठी अजून तशीच.
दोन वाजून गेले तेव्हा
वेळापत्रकाचा कागद काचेमागे फडफडला.
केलझांगनं कॉलरचं बटण सोडलं,
डोळे मिटले, आणि म्हणाली,
उशीर केलास.

सॉरी, ती नवी मुलगी म्हणाली घाईघाईनं,
फ्लाइटच लेट होती.