उजवा कान

बस स्टँडसमोर रसवंतीला खेटून
छत्रीखाली बसतो तो,
त्याच्याकडून घेतले एकशे वीसचे इअरफोन.
गॅरंटी विचारली तर म्हणाला,
"ताई, गॅरंटी तर माझीबी नाही."
आठव्या दिवशी उजवा गेला.
डावा मात्र दोन वर्षं झाली, वाजतोय.

म्हणजे परभणीत राहून मी
सगळी गाणी अर्धी ऐकते.

लॅबमध्ये माझं काम: नाव लिहायचं, वय लिहायचं,
"उपाशीपोटी आलात ना?" विचारायचं.
चहा पिऊन आलेला माणूस
हो म्हणायच्या आधी ओठ पुसतो.
मधल्या वेळात अंगठा आपला आपण चालतो,
कुणाची हळद, कुणाचं बाळ, कुणी कांदा कापतंय,
बघून झालं की काय बघितलं ते आठवत नाही.
मागच्या महिन्यात फोननंच हिशोब काढला:
रोजचे पाच तास अकरा मिनिटं.
अकरा मिनिटांचं मला वाईट वाटलं.
पाच तास एवढे मोठे होते
की दुसऱ्या कुणाचे असतील असं वाटलं.

कार्टमध्ये सतरा वस्तू पडून आहेत.
त्यात एक मोरपंखी अनारकली,
तिचा भाव रोज सकाळी दात घासत बघते,
कधी एकोणीसनं उतरतो, कधी चाळीसनं चढतो.
घ्यायची नाहीच.
तरी "फक्त दोन शिल्लक" वाचलं
की पोटात कालवतं.

घेते ते शनिवार बाजारातून.
अडीचशेचा कुर्ता, दोनदा पाठ फिरवून एकशे ऐंशीला,
गळ्याशी मोठ्या कंपनीचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
तहसीनच्या अम्मीनं बाजू दाबून दिल्या,
लांबून बघितलं, म्हणाल्या,
"कपडा हल्का है, पर तेरे पे भारी दिखता."
पहिल्या धुण्यात बादलीभर जांभळं पाणी.
नळ आठ दिवसांनी आलेला,
आईला रंगाचं नाही, पाण्याचं दुःख.
तिनं ते शेवग्याला घातलं.
शेंगा काही जांभळ्या आल्या नाहीत,
मी लक्ष ठेवून होते.

परवा तहसीननं तिचे नवे घातले माझ्या कानांत,
दोन्ही.
गाणं माझंच, पाठ असलेलं,
गाणारी श्वास कुठं घेते तेसुद्धा पाठ.
आणि उजवीकडून
सारंगी आली.

दोन वर्षं ती तिथंच होती,
बाईच्या प्रत्येक ओळीनंतर काहीतरी म्हणत,
आणि मला वाटायचं, बाई एकटीच गाते,
मधेमधे उगाच थांबते.

"रडायलीस का काय गं?"
"नाही गं. आवाज मोठाय."

तसले सातशेला येतात.
सातशे म्हणजे जवळजवळ चार कुर्ते,
किंवा आईचा चष्मा, काच सोडून.
जमवीन हळूहळू.

पण काल जिंतूर रोडला, रिक्षात पाचवी बसलेले,
डाव्या कानात गाणं, उजवा रिकामा,
उजव्यात रिक्षावाला सुट्टे मागतोय,
शेजारची मावशी फोनवर लेकीला भाजी सांगतेय,
आणि गाणारी थांबली, नेमकी तिच्या जागेवर,
तेव्हा मावशी म्हणाली,
"घाई करू नको. सुटू दे पाणी."

बसलं की ओळीत!
पुढची ओळ सुरू झाली, मावशी गप्प,
पलीकडून लेक काय म्हणाली कोण जाणे,
पुन्हा बाई थांबली,
मावशी म्हणाली, "हां, आता झाकण."

मी एक थांबा पुढं गेले, दहा रुपये जास्त.

घरी आरशात दिसलं,
घामानं गळ्याचा रंग उतरून
मानेवर जांभळी रेघ.
पुसायची म्हणून उभी होते, राहिलं तसंच.
फोन म्हणाला, आजचा डेटा संपला.
मी म्हटलं, बरं.