दोरी परत येत नाही

मणेराजुरी रस्त्याला
इलाही मुलाणीच्या पत्र्याच्या शेडात
माझा वीडर आडवा.
दोरी ओढली की येते,
मग लोंबतच राहते
दमलेल्या रेड्याच्या जिभेगत.

"जोर लावत हुता?"
लावत होतो. सकाळपासून.
खांदा अजून बोलतोय.

दहाचा पाना. तीन बोल्ट सुटले,
चौथ्याला हातोडी दाखवावी लागली.
झाकणाखाली बागेचं सगळं वर्ष:
गंधकाची पिवळी भुकटी, काळं ग्रीस,
द्राक्षाचं वाळकं पान,
एक मुंगळा, कधीचा मेलेला.

"कुत्रं अडकलंय," म्हणत त्यानं
नखाएवढं लोखंड
रॉकेलच्या वाटीत सोडलं.
स्प्रिंगवरचा अंगठा मात्र हलवला नाही.
"त्वांड मागं घ्या.
ही सुटली की मालक वळखत न्हाई."

पुसली, तेल दिलं, पीळ भरला.
साडेतीन वेढे.
अजून एक द्या की, मी म्हणालो.
"मग दोरी पुरती भाईर यायची न्हाई."

ओढली.
सर्रकन गेली, सर्रकन घरात.
पुन्हा ओढली, उगीच, ऐकायला.

इंजिन काही लागलं नाही.

इलाहीनं वाकून
पेट्रोलचा कॉक उघडला,
माझ्याकडं न बघता.
बंद होता.
सकाळपासून.