ठिपका

नोव्हेंबरात डंडीला चारलाच दिवे लागतात.
तळमजल्यावर तीस पडदे,
प्रत्येकावर तेच एक जठर,
गुलाबी, जांभळं, हातभर पसरलेलं.
पोरं ते नकाशासारखं ओढतात,
चाळीसपट जवळ जातात,
वाट चुकली की लांब होतात.

आमच्या वेळी दहाजणांत एक सूक्ष्मदर्शक,
भिंगाला माझ्याच काजळाचा डाग
आणि मागे पाळीची रांग.
आता रांग नाही.
सगळ्यांना सगळं एकदम दिसतं.
दिसत असावं.

"नेमकं काय शोधायचं?" यूअन विचारतो.
शोधू नकोस, म्हणते मी, तांदूळ निवडल्यासारखं बघ.
मग लक्षात येतं, याच्या घरी तांदूळ
पिशवीतून थेट पातेल्यात.
बरं, जे चांगलं आहे ते बघत राहा.
खडा आपण होऊन खुपतो.

माझं बोट अजून माउसच्या कडेला
तो बारीक स्क्रू चाचपतं,
पेशीच्या जरा वर, जरा खाली जायला.
स्कॅनरने एकच पातळी उचलली.
बाकीची जाडी काचेतच राहिली,
तिसऱ्या मजल्यावर, लाकडी पेटीत.

"मॅम, हे काय आहे?"
मोरवेन कोपऱ्यात थांबली आहे.
एक निळा ढग, कडा पुसट,
आत ना केंद्रक, ना काही.
सगळे वाकतात. कुणी बुरशी म्हणतं,
कुणी रंगाचा गोळा.

शाई आहे ती.
ब्याण्णव साली पेट्री सरांनी
टाकाच्या टोकाने काचेवर टेकवलेली,
माझ्यासाठी.
मी तीनदा तिथून गेले होते
आणि तीनदा म्हटलं होतं, काही नाही.
ते रागावले नाहीत. ठिपका दिला,
आणि चहा आणायला गेले.

स्कॅनिंगआधी काचा पुसून घेतात.
ही कशी सुटली कोण जाणे.

"डावीकडे सरक," मी म्हणते. "थोडं अजून."
पाच-सहा पेशी,
पोट फुगलेलं, केंद्रक कडेला ढकललेलं,
एकेक अंगठी, खड्याची.

खोलीत कुणी बोलत नाही.
लेबलावर नावाच्या जागी काळी पट्टी,
खाली फक्त: पुरुष, एकोणसाठ, ताग गिरणी.

"दिसलं," यूअन म्हणतो,
पण पडद्याकडे बघून नाही,
स्वतःच्या हाताकडे बघून.